तुरटी फिरवलेलं पाणी

आई, मी आता पाण्यातलं शिसं शोधते. बदलापूरच्या घरी बाबांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं शिकून शेवटी पाणीच भरायचं होतं का?" आणि स्वतःच हसले. घरातली पहिली पदवी माझी, त्याचा त्यांना अभिमान आहे, पण काम काय ते त्यांना नीट कळत नाही. तुला कळलं असतं. तू उल्हासनगरला कॅम्प पाचच्या भाभींकडे भांडी घासायचीस, आणि माझंही निम्मं काम घासण्याचंच आहे. तिथल्याच एका कॉलेजात माझ्याकडे पेन्सिलीएवढी एक कांडी आहे, तिला इलेक्ट्रोड म्हणतात. तिचं कार्बनचं टोक पांढऱ्या पावडरीवर घासून आरशासारखं करायचं, त्यावर बिस्मथ नावाच्या धातूचा पातळ थर चढवायचा आणि ती पाण्यात बुडवून वीज द्यायची. पाण्यातलं शिसं त्या थरावर येऊन बसतं, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी क्षार बसतो तसं. मग वीज हळूहळू उलटी फिरवली की ते सुटतं, आणि सुटताना आलेखावर एक सुळका उमटतो. शिसं जितकं जास्त, तितका सुळका उंच. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही, इतकं कमी असलं तरी सापडतं.

पहिला नमुना घ्यायला मी अंबरनाथला आपल्या जुन्या चाळीतच गेले. नळाला अजून एक दिवसाआड पाणी येतं, बाकी सगळं बोअरिंगच्या पंपावर. शेजारच्या काकूंना आता नात झाली आहे. मी त्यांच्याकडे बाटल्या दिल्या आणि पंप सुरू झाला की भरून ठेवा म्हटलं. परत गेले तेव्हा बाटल्या भरून, पुसून, फडताळात ठेवलेल्या. पाणी काचेसारखं. आलेखावर सुळका जवळजवळ उमटलाच नाही. मला इतका आनंद झाला की मी लगेच काकूंना फोन केला, पाणी चांगलं आहे म्हणून. त्यांची सून बाळाच्या दुधासाठी विकतचा पाण्याचा जार आणायची, तो काकूंनी बंद केला. "घरचीच पोरगी सायंटिस्ट आहे, जार कशाला पायजे?" असं त्या चाळभर सांगत होत्या.

काही आठवड्यांनी मी सहज गेले होते. सुनेने बाळाच्या दुधासाठी पातेल्यात पाणी घेतलं, आणि ते पिवळसर होतं. मी विचारलं, "काकू, बाटल्यांत हेच भरलं होतंत का?"

"हे कसं भरू गो?" काकू म्हणाल्या. "तुझ्या कॉलेजात साहेब लोक बघणार. रात्री तुरटी फिरवून ठेवलं, सकाळी वरचं वरचं घेतलं, दोनदा गाळलं. रोज कुठला एवढा वेळ, रोजचं थेट पंपाचं. तुझ्या आईचीच रीत की ही."

खरं आहे. मीटर बघायला आलेल्या माणसाला मी एकदा हंड्यातलं पाणी तसंच दिलं होतं. तो गेल्यावर तू हंडा झाकलास. मग म्हणालीस, "दारात आलेल्याला चांगलं पाणी द्यायचं. आपण काय पितो ते आपल्यापाशी." तुरटीने गाळ तळाला बसतो आणि त्याच्याबरोबर बरंचसं शिसंही बसतं. मी तपासला तो काकूंचा पाहुणचार. त्यांच्यावर रागवणार कशी?

या वेळी पंपाच्या तोंडाशी उभं राहून बाटली मी भरली. सुळका वर गेला तो जातच राहिला. तो कागद काकूंना दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तर मलंगगड दिसतोय." सून हसली नाही. तिने बाळाला उचललं आणि जारवाल्याला फोन लावला. जार पुन्हा सुरू झाला, पण फक्त बाळापुरता. "आणि आम्ही काय पिऊ, ते पण तुझ्या मशिनला विचार," काकू म्हणाल्या. मग मी कागद घेऊन पाण्याच्या ऑफिसात गेले; तिथल्या बाईंनी तो नीट बघितला. मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट लागेल म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "आणि तो आणलास तरी, पंप बंद केला की लोक हंडे घेऊन माझ्या टेबलापुढे येतील. त्यांना काय देऊ, सांग." मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

काल चाळीतून निघताना काकू गल्लीच्या तोंडापर्यंत सोबत आल्या. मग म्हणाल्या, "तुझी आई झोपून होती तेव्हा तिचा हंडा मीच भरायचे. याच पंपावरनं. त्यानेच तर नाय ना गो झालं?"

शिसं किडन्यांनाही बाधतं; पण तुझ्या कशाने गेल्या ते तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. त्या वर्षांचं पाणी कुठल्याच बाटलीत उरलेलं नाही. माझी कांडी आजच्या पाण्याबद्दल बोलते, त्याच्या मागे तिला जाता येत नाही. पण काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी म्हणाले, "नाही काकू, त्याने नाही." लगेच म्हणाले, अगदी ठामपणे.

"तू सांगतेस म्हणजे तसंच असणार," असं म्हणून त्या मागे फिरल्या.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणी वाचायचं नाही, म्हणून लिहिते. मला माहीत नाही, आई.