सुतासाठी बंद केलेली खिडकी

बाबा, मी आज तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी कोन गावातल्या आपल्या घरात अजून तुमचाच नियम चालतो, आणि त्या नियमापायी गेल्या आठवड्यात आईचा जीव धोक्यात आला होता.

यंदा तापखोकल्याची साथ आहे. धाकट्याला ताप भरला तसा तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला, आणि पंच्याऐंशीची आई, जिला नुसत्या धुळीनेही धाप लागते, त्याच्या उशाशी जाऊन बसली. खिडक्या बंद, फटींत चिंध्या. मी पोचले तेव्हा कशेळीहून आत्याकडची चार माणसं शहाळी घेऊन भेटायला आली होती आणि त्याच कोंडलेल्या हवेत चहा पीत होती. मी म्हटलं, याला आतली खोली द्या, एकानेच मास्क लावून याचं जेवणपाणी बघा, पाहुण्यांनी अंगणातून विचारपूस करावी, आणि सगळ्यात आधी या खिडक्या उघडा. धाकटा खोकत खोकत हसला. "ताई, भाषान नाक्यावर कर. हितं बाबांचा नियम हाय. आजाऱ्याला वारा लागू द्यायचा न्हाय." पाहुणेही हसले. आई हसली नाही, पण उठलीही नाही.

हा नियम कुठून आला ते मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षांची आहे, तुमचा डबा घेऊन यंत्रमागाच्या कारखान्यात आले आहे. लूमचा खडखडाट, नाकातोंडात जाणारा कापूस. जीव घाबरा होतो म्हणून मी खिडकीची कडी काढते. वारा आत येतो आणि तुमच्या लूमवरची सुताची तार तुटते. "खिरकी कोनी उघरली?" तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता. "वाऱ्यानं तार तुटतं, समजत न्हाय तुला?" शेजारच्या लूमवरचे चाचा म्हणतात, "जाने दो भाई, बच्ची है, गर्मी लगी होगी." तुम्ही कडी लावता आणि माझ्याकडे न बघता तार जोडायला लागता.

मालकाला सुताची काळजी होती. सूत सुकू नये, तुटू नये म्हणून त्याने तुम्हा सगळ्यांना कोंडलं. त्याचा हिशेब मी त्याच्या दारात उभी राहून मागितला आहे. पण तो नियम तुम्ही घरी का आणलात? माणूस म्हणजे काय लूमवरचा सुताचा ताणा आहे? खोकला लागल्यावरही तुम्ही त्याच बंद खोलीत आमच्यामध्ये झोपलात. वारा छातीला बाधतो म्हणालात. मग तोच खोकला धाकट्याला लागला, किती महिने त्याने टीबीच्या गोळ्या गिळल्या, आणि आज तोच मला तुमची शिकवण ऐकवतो! वडप्याला गोदामांपुढे मी युनियनच्या सभेत बोलते तेव्हा हमाल ओझं खाली ठेवून ऐकतात. घरात मला एक कडी काढता येईना.

शेवटी मी आईजवळ बसले आणि म्हटलं, "आई, बाबा दवाखान्यात शेवटच्या दिवशी बोलले होते. घरात कुणी खोकलं तर खिडक्या उघड्या ठेवा म्हणाले."

आईने धाकट्याच्या कपाळावरचा हात काढला. "असं बोलले व्हते? आनि तू आता सांगतंस?" ती उठली. चिंध्या ओढून काढल्या, तिन्ही खिडक्या उघडल्या, पाहुण्यांना कपबशांसकट अंगणात काढलं आणि धाकट्याला दरडावलं, "ऊठ, आत जा. तुझ्या बापानं सांगितलंय." तो निमूट गेला.

आज सहावा दिवस. आईला ताप नाही, खोकला नाही.

हे पत्र मी फाडणार आहे, तिच्या हाती लागायला नको. ती रोज मला विचारते, "आनखी काय बोलले व्हते?" दवाखान्यातल्या त्या शेवटच्या दुपारी ती कपडे आणायला घरी आली होती, तुमच्या उशाशी मी एकटीच होते. तुम्ही काहीच बोलला नव्हतात, बाबा. आणि मीही नाही.