किल्लेवाल्या गेमचा शेवट

सुरत
ता. १७ जानेवारी १९८८

प्रिय चंद्रभान दादास,
शालिकचा सप्रेम जयभीम.

मी इकडे बरा आहे. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. थंडी इथं आपल्यासारखी पडत नाही. सक्करदऱ्याच्या तलावावरून सकाळी जसा वारा येते तसा तर नाहीच. कारखान्यात उलटा घाम फुटते. मागांचा आवाज इतका की खोलीवर आलो तरी मी वरडूनच बोलतो, अन् खोलीतले पोरं म्हणते, नागपूरवाले, आम्ही बहिरे नाही. मेसवाला डाळीत गूळ टाकते. तिखट मागितलं की त्याले हसू येते.

बाबाचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात तू लिहिलं नाही.

एक मजा सांगतो. इथं स्टेशनाजवळ व्हिडिओ गेमचं दुकान आहे. तिथं नवीन डब्बा आला. मी जाऊन पाहतो तं आपलाच किल्लेवाला. बाजूच्या फळीवर तेच चित्र, बेड्या घातलेला म्हातारा राजा अन् मशाल धरलेला टोपीवाला शिपाई. मले तं आपलं सीताबर्डीचं दुकानच आठवलं. तुझ्या हातात दांडा, माझ्या हातात बटन, एका टोकनमध्ये दोघं. तू म्हणायचा थांब, मी थांबायचो. तू म्हणायचा मार, मी मारायचो. दुकानातले पोरं काय म्हणायचे, या दोघायले डोकं एकच भेटलं, हात मात्र चार.

शेवटचा दरवाजा मात्र आपल्याच्यानं कधी उघडला नाही. दोन्हीकडून भुतं आले की माझं बोट मागे राहून जायचं.

मंग मी इकडे आलो, अन् तुझं पत्र आलं की तू एकट्यानं गेम खतम केला. ते पत्र मले पाठ आहे. दरवाजा उघडला, राजाच्या बेड्या तुटल्या, म्हातारा चालत बाहेर आला, शिपायाच्या डोक्यावर हात ठेवला अन् त्याले आपल्या जवळ बसवलं. मंग फटाके, लाल अन् हिरवे. खोलीतल्या पोरायले मी हे किती वेळा सांगितलं असेल. लाईट गेली की तेच म्हणायचे, नागपूरवाले, राजावाला सांग. मी सांगत गेलो अन् तो डोक्यावरचा हात दर वेळी अजून जरासा जास्त वेळ ठेवत गेलो.

इथं दांडा धरायले कोणी नव्हतं. दोन्ही हात माझेच. पण शिकलो, अन् मागच्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी उघडला दरवाजा. सगळे पोरं मागे उभे होते, राजा पाहायले आलेले.

आत कोणी नव्हतं, दादा.

पडदा काळा झाला. मी म्हटलं आता येते. तं परत पहिलाच दरवाजा आला, अन् तेच भुतं, फक्त जोरात पळून राहिले. मी दुकानवाल्याले विचारलं, शेठ, ये खतम कब होता है? तो पान खाऊन राहिला होता. म्हणे, "खतम नहीं होता भाई. खतम हो गया तो टोकन कौन लेगा?"

पोरं लय हसले. तेरा भाई तो पिक्चर बनाता है, म्हणे. मी पण हसलो. आधी वाटलं, नागपूरचा डब्बा येगळा असेल. पण डब्बा तोच, भुतं तेच. तू त्या फळीवरच्या चित्रावरून बनवलं सगळं.

अन् खरं सांगू का, तेव्हा मले राग नाही आला. मी म्हटलं दादानं हे माझ्यासाठी केलं. मी घरून कसा निघालो ते तुले मालूम. मिलच्या गेटवर बदली कामासाठी नावं पुकारते तिथं उभं राहायचं सोडून मी बटन दाबत होतो, अन् बाबानं सगळ्यायच्या समोर मले मारलं. म्हणे, मले तोंड दाखवू नको. तेव्हा मी म्हटलं, म्हणून दादानं राजा तसा लिहिला. म्हाताऱ्याचा हात डोक्यावर. मले बरं वाटावं म्हणून. त्या दिवशी तू मले जेवढा आवडला तेवढा आधी कधी आवडला नसशील.

हे नत्थू भेटायच्या आधीचं झालं.

आपल्या गल्लीतला नत्थू इथं कामाले आला. माझ्याच खोलीत जागा करून दिली. पहिल्याच दिवशी जेवताना म्हणे, "तुह्या दादाचं भलं झालं गा. बाबाच्या जागेवर लागला मिलमधी."

मी म्हटलं, कोणत्या जागेवर?

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मंग त्यानं सांगितलं. बाबाची छाती खराब झाली, मिलनं घरी बसवलं, अन् जागेवर एका पोराले घेतो म्हटलं. अन् बाबानं माझं नाव सांगितलं. चंद्रभान मॅट्रिक आहे, त्याले कुठंही लागते, शालिकले कोण घेणार, त्याले बोलवा, असं म्हणे. तू सांगितलं की शालिक येत नाही, तिकडे त्याची लाईन बसली. बाबा ऐकेचना. मंग तू माझं पत्र आणलं अन् वाचून दाखवलं. नत्थू तिथंच बसला होता.

"तूच तं लिहिलं होतं ना बे," नत्थू म्हणे, "मले घरी येणं नाही, बाबाले सांग माझी वाट पाहू नको. म्हातारा दोन दिवस जेवला नाही."

दादा, त्या पत्रात मी काय लिहिलं होतं ते तुले अन् मलेच मालूम. प्रत्येक पत्रात मी एकच लिहिलं. बाबाले विचार, मी येऊ का. अन् तू उलट लिहिलं, बाबाचा राग अजून गेला नाही, सध्या येऊ नको. बाबाले वाचता येत नाही अन् मी तिथं नाही. आई असती तं तिनं कोणाकडून तरी दुसऱ्यांदा वाचून घेतलं असतं.

काहून केलं गा? तुले नोकरी पाहिजे होती तं मले लिहायचं होतं. तू थांब म्हटलं की मी थांबत होतो ना.

नोकरीचं मले काही वाटत नाही असं लिहिणार होतो. पण खोटं लिहायचं काम घरात एकानं केलं तेवढं पुरे. वाटते. माग चालवताना वाटते, गूळ घातलेली डाळ खाताना वाटते. पण ती जागा आता तुझ्या नावावर आहे अन् मी काही ती मागायले येत नाही.

अन् ते राजाचं पण मले आता काही समजत नाही. तू ते कशासाठी लिहिलं? मी इकडेच खूश राहावं म्हणून, का खरंच माझी दया आली म्हणून? रात्रपाळीत याचाच विचार करतो. तू सांगितलं तरी आता मी कसं मानणार.

हे पत्र पोस्टानं नाही टाकत. नत्थूले इथली हवा मानवली नाही, तो आज परत जाऊन राहिला. तो सातवी पास आहे, वाचते चांगलं. त्याले सांगितलं आहे की बाबा घरी असताना जाशील, दादाले पण समोर बसवशील, अन् पत्र दादाच्या हातात न देता तूच मोठ्यानं वाचशील. पहिल्या ओळीपासून. तर दादा, हे तू वाचून नाही राहिला. तू ऐकून राहिला आहे.

नत्थू, थांबू नको, वाच.

बाबा, मी शालिक. खोकल्याचं औषध घेता का? मी रोज कामावर जातो, एकही पाळी चुकवत नाही. येत नाही असं मी कधीच लिहिलं नव्हतं.

मी येऊ का?

हो म्हणायचं असेल तं हो म्हणा, नाही तं नाही. नत्थूजवळ तोंडानं सांगा, तो मले कळवेल. दादाले लिहायले सांगू नका.

तुमचा लहाना,
शालिक