गुडघाभर पाण्यातला श्रोता

९ नोव्हेंबर २०२५, दारव्हा. सकाळी ७.

समस्त विधुर बांधवहो, आपल्या सर्वांची तक्रार एकच आहे. आपल्याला कोणी वाक्य पूर्ण करू देत नाही. तोंड उघडलं की समोरचा मान हलवतो, खांद्यावर हात ठेवतो आणि डबा पुढे करतो. आजही वांगी.

ही वही कोणी वाचणार नाही. तरी सुरुवात सभेसारखी झाली. चाळीस वर्षांची सवय.

रत्नप्रभाला जाऊन एकोणतीस दिवस. रडू आलेलं नाही. वाचन दांडगं असल्याचा हा फायदा.

मुद्दा असा. २६ ऑक्टोबरला कोकणात अस्थी सोडताना लग्नातली अंगठी समुद्रात पडली. कारण, बोट बारीक झालं. शाल्मलीचं म्हणणं वेगळं. भरती चढत होती, मी तुमचा हात धरून ओढला बाबा, माझ्यामुळेच गेली. पुण्याहून रोज फोन करून हेच म्हणते. मी खोडून काढलं नाही. मुलांना स्वतःची मतं असू द्यावीत.

संकल्प: अंगठी परत आणणे. जागा पक्की ठाऊक आहे. काळ्या खडकापासून चार पावलं, गुडघाभर पाणी. समुद्र मोठा असेल, जागा लहान आहे.

११ नोव्हेंबर.

मेटल डिटेक्टर मिळाला. मंडप डेकोरेशनवाल्या रूपसिंगकडे मोठ्या सभांसाठी असतो, गेटवर लोकांच्या अंगावरून फिरवायचा तो काळा दांडा. या दांड्याने मला आयुष्यात शंभर वेळा तपासलं आहे. आता मी समुद्राला तपासणार. रूपसिंगने विचारलं, पाण्यात चालतो का? म्हटलं, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या घालू. त्याने दोन पिशव्या काढून दिल्या.

१४ नोव्हेंबर.

अडाण धरणाच्या काठाला सराव. सोबत लालसिंग राठोड, माझा शाळेपासूनचा मित्र, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. पाण्यात उतरलो आणि दांडा पावलोपावली ओरडू लागला. प्रत्येक ठिकाणी खणलं. मिळालं: बाटलीचं एक झाकण, अर्धा विळा. निष्कर्ष: जिल्ह्याच्या पोटात प्रचंड धातू आहे आणि सरकारचं लक्ष नाही. यावर लेख लिहीन.

संध्याकाळी आर्णीहून व्याख्यानाचं आमंत्रण. नाही म्हटलं. अंगठी काढून कोणाकडे देणार? माईकच्या दांड्यावर ती टकटक वाजते, म्हणून बोलण्याआधी काढायची आणि डावीकडे हात करायचा. डाव्या पायरीशी रत्नप्रभा उभी असे. पदराच्या गाठीत बांधून ठेवी. भाषण संपलं की परत. तशीही आता अंगठीच नाही, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

१७ नोव्हेंबर.

शाल्मलीचा फोन. आईने दिलेल्या पाटल्या ती मोडणार आणि मला तशीच अंगठी करून देणार. १ डिसेंबरला, सोमवारी दहा वाजता सोनाराकडे जाईन म्हणाली. मी म्हटलं, गरज नाही, मूळ अंगठी त्याआधीच आणतो. ती रडली. मी समुद्राच्या खारेपणाविषयी थोडी माहिती दिली.

शार्कवर दोन पुस्तकं वाचून काढली. तयारी असावी.

२१ नोव्हेंबर, कोकण. दुपारी ४.

दोन बस, एक जीप, एकोणीस तास. लालसिंगने प्रत्येक ड्रायव्हरच्या चुका काढल्या.

किनाऱ्यावर पोचलो तर खडक जागेवर नाही. भरती आहे, खडक पाण्याखाली आहे, असं खानावळीच्या मावशी म्हणाल्या. भरतीची वेळ विचारून यायचं असतं, हे एकाही पुस्तकात ठळकपणे दिलेलं नाही.

तरी उतरलो. दहा पावलांवर पाण्यातून करडं त्रिकोणी काहीतरी वर आलं आणि माझ्या दिशेने वळलं. शार्क. मी व्यवस्थित विचार करून बाहेर आलो. लालसिंग म्हणतो, चार सेकंदांत. त्याला मोजायची सवय नको तिथे आहे.

२२ नोव्हेंबर. सकाळी ११.

ओहोटी. खडक दिसला. दांडा पिशव्यांसकट पाण्यात घातला आणि तो ओरडला. पुढे सरकलो, ओरडला. मागे आलो, ओरडला. सर्वत्र सोनं. लालसिंग पाण्यात आला, दांडा माझ्या हातातून घेतला, वाळूवर फिरवला. गप्प. माझ्या उजव्या नडगीवर धरला. ओरडला.

"कमलाकर," तो म्हणाला, "हे तुह्या पायाले ओरडून राह्यलं. अ‍ॅक्सिडेंटची पट्टी हाय ना तुह्या पायात?"

स्टीलची पट्टी आहे. सत्तावीस वर्षांपासून. धरणाच्या काठचे एकोणीस खड्डेही आठवले. लेख लिहिणार नाही.

मात्र यातून शार्कचा उलगडा झाला. पुस्तकात आहे, शार्कच्या नाकाशी बारीक छिद्रं असतात, त्यांतून त्याला पाण्यातली वीज कळते. म्हणजे माझी पट्टी त्याला ऐकू जाते. तो माझ्यासाठी येतो.

दुपारी १२. (भरतीचं पाणी अजून आलेलं नव्हतं, यावेळी विचारून उतरलो.)

तो आला. खडकाच्या कडेने, पाण्याखालून, अगदी सावकाश. माझ्याभोवती एक फेरी. मग नडगीला घासून गेला. कातडी पॉलिशपेपरसारखी. पळायचं नाही असं ठरवलं. खरं तर पाय हलत नव्हते. भीती वाटली का? काहीच वाटलं नाही. महिनाभर काहीच वाटत नाही, त्यातलंच हे.

घाबरलेल्या जमावासमोर मी नेहमी एकच करतो. बोलतो. घसा खाकरला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून दांडा डावीकडे केला आणि सोडला.

डुबुक.

लालसिंग उजवीकडे होता. त्याने बुडणाऱ्या दांड्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. हात अजून तसाच पसरलेला. चाळीस वर्षं त्याने माझ्या सभा पाहिल्या आहेत, पुढच्या रांगेतून.

"अस्थी सोडाच्या दिवशी बी भाषण देलतं काय तू?"

मी म्हटलं, चार शब्द बोललो होतो. पस्तीस मिनिटं.

 शार्कने आणखी दोन फेऱ्या मारल्या. इतक्या शांतपणे ऐकणारा श्रोता पुष्कळ दिवसांत भेटला नव्हता. मग तोही निघून गेला. मी बोलण्याआधीच.

बाजूला जाळं झटकणारा कोळी हे सगळं बघत होता. म्हणाला, "मुशीचं पिल्लू हाय ते, मास्तर. तेच तुम्हाला भ्यालंय."

इथे शार्कला मुशी म्हणतात. लांबी विचारली. त्याने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला.

२३ नोव्हेंबर.

दांडा ओहोटीत सापडला. पिशव्यांत पाणी. बटण दाबलं, काही नाही. रूपसिंगला काय सांगायचं ते प्रवासात ठरवीन.

रात्री खानावळीत मावशींनी कालवण वाढलं. मला वरणभात. लालसिंगने दोनदा घेतलं आणि विचारलं, कोणता मासा? मावशी म्हणाल्या, मुशी. आज सकाळच्या जाळ्यातली. लालसिंगने माझ्याकडे पाहिलं आणि वाटी हळूच पलीकडे सरकवली.

"तुह्या सभेतला तर नाही न हा?" म्हणाला.

हसलो. बऱ्याच दिवसांनी. हसू लगेच थांबलं.

२८ नोव्हेंबर, दारव्हा.

रूपसिंगने दांडा उलटा करून पाणी काढलं आणि मला चहा पाजला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

शाल्मलीचा फोन दोनदा. उचलला नाही. संकल्प: सोमवारपर्यंत योग्य शब्द शोधणे. मसुदा केला. प्रस्तावनाच चार पानं झाली.

३० नोव्हेंबर.

मसुदा फाडला. त्यात 'बोट बारीक झालं' हे कारण अकरा वेळा होतं. सुतळी घेऊन बोटाचं माप काढलं. मग जुन्या डबीतली मोठ्या भावाची अंगठी घालून पाहिली, तीही तेवढ्याच मापाची, सोबतच केलेली. सांध्यावरून उतरेना. साबण लावावा लागला.

१ डिसेंबर. सकाळी ९.१०.

नोंद, जशी घडली तशी.

तिने तीस वर्षं समुद्र पाहायचं म्हटलं. दरवेळी मधे एक सभा होती. शेवटी मी तिला मडक्यात नेलं. पाण्यात उभा राहिलो आणि तिच्याबद्दल बोलायचं ठरवलं. तोंड उघडण्यापूर्वी ओल्या बोटातून अंगठी फिरवून फिरवून काढली. हात डावीकडे केला. कोणीतरी घेईपर्यंत धरून ठेवायची असते. मी धरली नाही, कारण तिथे नेहमी हात असतो. सोडली. आणि बोलायला लागलो. पस्तीस मिनिटं. अंगठी गेली हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. शाल्मलीने हात ओढला तो अगदी शेवटी, पाणी कमरेला आल्यावर. तोवर बोट मोकळंच होतं.

पोरगी पाच आठवडे स्वतःला दोष देते आहे आणि मी तिला देऊ दिला. आता आईच्या पाटल्या पिशवीत घालून निघाली असेल.

९.२५. अजून वहीच लिहितो आहे.

कमलाकर, प्रस्तावना नको. पेन ठेव, फोन उचल आणि सोनाराचं दुकान उघडायच्या आत तिला सांग की अंगठी तू स्वतः काढली होतीस.