टाकव्याच्या खळ्यावर योना

लोणावळे, चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थरूप बापूमामांस त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. गुडघा जिना चढू देतो की अजून ओसरीवरच मुक्काम, ते कळवावे. आम्ही सर्व खुशाल. मी ख्रिस्ती झाल्याचे तिकडे तळेगावात पसरले आहे ते साफ खोटे. शेंडी, जानवे आणि सौ. चंद्रिकेचा धाक, तिन्ही जागच्या जागी आहेत.

झाले ते असे. इथल्या पाद्रीसाहेबांना मी मराठी शिकवतो, त्या निमित्ताने आमचा बायबलचा अभ्यास चालतो (अभ्यास म्हणजे अभ्यास, भजन नव्हे). सध्या योनाचे प्रकरण होते. शत्रूच्या निनवे शहरी जाऊन लोकांना सावध कर, असे देवाने त्याला सांगितले. हा गलबतात बसून उलट्या दिशेने पळाला आणि समुद्रात एका मोठ्या माशाने त्याला गिळले. नवे पंडित म्हणतात, हा इतिहास नव्हे, कोणा शहाण्याने मागाहून रचलेली बोधकथा. जुने ख्रिस्ती आचार्य म्हणतात, माशाच्या पोटातले तीन दिवस ही ख्रिस्ताच्या मरणाची व पुन्हा उठण्याची खूण. दोन्ही पक्ष मला एका बैठकीत समजले (संस्कृत टीका घोटलेल्या माणसाला यात काय अवघड?).

टाकवे बुद्रुकला साहेबांचे व्याख्यान ठरले होते, पण ऐन वेळी दाढेने त्यांचा गाल फुगला. मी म्हटले, मी जातो. दत्तोबा नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर चाळीसेक माणसे जमली. मी नव्या पंडितांपासून सुरुवात केली.

दत्तोबांनी विचारले, "मास्तर, मासा केवढा व्हता?"

मी म्हटले, पंडितांच्या मते मासा महत्त्वाचा नाही.

"म्हंजी मासा न्हवताच? आन् आमी कामं टाकून आलो!"

दहाबारा जण उठलेच. मी घाईने जुन्या आचार्यांना पुढे केले, तर एकाला काळजी पडली की तीन दिवस तो जेवला काय. शेवटी दत्तोबांची म्हातारी आई झुंबरबाई म्हणाली, "पोथी अर्धी सोडू नगा, मास्तर. त्या गावाचं काय झालं?"

मी वाचले. माशाने किनाऱ्यावर टाकलेला योना अखेर निनव्याला जाऊन सांगतो, गाव पस्तावते, देव त्याला वाचवतो आणि शत्रू वाचला म्हणून योना रुसून बसतो. तेव्हा देव त्याला विचारतो, एवढी माणसे, शिवाय एवढी गुरे, यांची मला कीव येऊ नये काय?

सगळ्या माना दत्तोबांकडे वळल्या. दत्तोबांचे धाकट्या भावाशी, महिपतीशी, बांधावरून वैर, आणि महिनाभर त्याच्या गुरांना विहीर बंद (हे मला काय ठाऊक!). म्हातारी उठून उभी राहिली. "दत्तोबा, वैऱ्याच्या गावची गुरं बी देवाला दिसली. तुला सख्ख्या भावाची दिसंनात व्हय?"

दत्तोबा उठले. तडक गेले आणि विहिरीच्या वाटेत टाकलेले काटे स्वतःच्या हाताने ओढून बाजूला केले. महिपतीचे बैल आले, पोटभर पाणी प्याले. म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती. माझ्या विवेचनाचा असा प्रभाव पडल्याचे मी साहेबांना कळवले आहे.

मामींस नमस्कार.

आपला,
त्र्यंबक

ता. क. साहेबांबरोबर आमचा अभ्यास माशापर्यंतच आला होता. शेवट मीही तिथेच, झुंबरबाईंनी विचारला म्हणून, पहिल्यांदा वाचला.

आणखी ता. क. नीरजाताईच्या लग्नातल्या रुसव्यापासून सहा वर्षे तुम्ही आमचा उंबरा ओलांडलेला नाही. आईला हल्ली दिसतही कमी. रविवारी सकाळच्या गाडीने याच. मी लिहिल्याचे तिला ठाऊक नाही, तेव्हा आपणहून आलो असेच सांगावे.