धोंडिरामची तुटलेली फांदी

१३ जुलै २०२५, रविवार

काय झालं ते क्रमाने:

१. बाबा आणि मी मुलुंडला देवदत्तच्या घरी गेलो. दोन्ही घरांची पहिली भेट.
२. पोहे, नारळाची वडी, चहा.
३. टीव्हीच्या वर सोनेरी फ्रेममध्ये त्यांची वंशावळ. झाडाच्या आकाराची. बुंध्याशी मूळपुरुष, कुठल्याशा स्वारीतले सरदार. शेंड्याला देवदत्त.
४. देवदत्तच्या आई, म्हणजे रेवतीकाकू, यांनी विचारलं, "तुमचं घराणं कुठलं?"
५. बाबा म्हणाले, "घराणं कसलं हो! मूळ गाव कुडाळकडे. वडील लालबागला मिलमध्ये होते. आता आम्ही कांजूरला."
६. रेवतीकाकू म्हणाल्या, "असू दे."
७. मला काही वाटलं नाही.

१४ जुलै

"असू दे" हा तटस्थ शब्दप्रयोग आहे. चहात साखर कमी पडली, असू दे. छत्री विसरली, असू दे. मुलगी कांजूरची आहे, असू दे. भावनिक काही नाही.

मात्र बाबांचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या चूक होतं. आम्हाला घराणं नाही असं नाही. ते कोणी शोधलेलं नाही. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. न तपासलेलं आणि नसलेलं यांतला फरक मला कळतो.

संकल्प: आमच्या घराण्याचा रिपोर्ट. मुदत ३ ऑगस्ट. त्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे बैठक आहे, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरायला.

देवदत्तला सांगितलं नाही. आम्ही चार वर्षं एका टीममध्ये आहोत. तो कोड लिहितो, मी त्यातल्या चुका काढते. मे महिन्यात त्याने कॅन्टीनमध्ये विचारलं, "लग्न करू या का?" मी म्हटलं, "चालेल." यापेक्षा जास्त बोलण्याची आम्हाला गरज पडत नाही.

१६ जुलै

कामाची पद्धत ठरवली. घरच्या माणसांचं सांगणं पुरावा म्हणून धरायचं नाही. घरची माणसं स्वतःबद्दल काहीही सांगतात.

जेवताना बाबा म्हणाले, "अगं, माझ्या आजोबांचं काय होतं..." मी हात वर करून थांबवलं. पद्धत म्हणजे पद्धत.

१९ जुलै, शनिवार

मोठा शोध. माळ्यावर, जुन्या चादरीत, तलवार!

ती आहे हे लहानपणापासून माहीत होतं. दसऱ्याला खाली काढतो, झेंडू वाहतो, परत वर. पण मिल कामगाराच्या घरात तलवार का, हा प्रश्न तीन पिढ्यांत कोणालाही पडला नाही. असंच असतं. निरीक्षण सगळ्यांकडे असतं, विश्लेषण नसतं.

मूठ नक्षीची, लाल-सोनेरी. वजन अपेक्षेपेक्षा कमी. कारागिरी उच्च दर्जाची असावी. म्यानातून बाहेर येत नाही. गंज. गंज म्हणजे जुनेपणाचा पुरावाच.

बाबा दारात येऊन म्हणाले, "ती ओढू नकोस, तुटेल." मी म्हटलं, "बाबा, तलवारी तुटत नाहीत." ते आणखी काहीतरी सांगत होते, पण मी हेडफोन लावले होते.

२२ जुलै

जुळलं.

देवदत्तच्या घरच्या फ्रेमचा, पहिल्या भेटीत काढलेला फोटो मोठा करून पाहिला. त्याचे आजोबा शरच्चंद्र, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या वडिलांशेजारी एक फांदी मध्येच तुटलेली. तिच्यावर लिहिलंय: "धोंडिराम. घर सोडून गेले." भावाभावांत भांडण झालं आणि हा धाकटा निघून गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. हे मी देवदत्तकडून सहज विचारल्यासारखं काढून घेतलं.

माझ्या पणजोबांचं नाव धोंडिराम. वयाचा हिशोब बसतो. आमच्या गावात त्यांच्याआधीचं कोणी मला सापडलं नाही. (शोधलं नाही. गरज उरली नाही.) शिवाय तलवार. सरदाराच्या घरातून रागावून निघालेला माणूस दुसरं काय उचलेल?

म्हणजे आम्ही सरदार घराणं आहोतच. आणि कुठलं, तर त्यांचंच. त्यांचा मूळपुरुष तोच आमचा. आता म्हणा "असू दे".

दोन अडचणी. आडनावं वेगळी: गाव बदललं की माणसं आडनाव बदलतात. देवक वेगळं: लग्नात आम्ही कळंबाची फांदी पुजतो, ते साळुंकीचं पीस. देवक पिढ्यानपिढ्या बदलत नाही म्हणतात. म्हणजे कोणीतरी नोंद चुकीची दिली असणार. तो कॉलम काढून टाकला.

खात्री: ९४ टक्के. उरलेले सहा नम्रतेचे.

२६ जुलै

गावाहून सुगंधाआत्याचा फोन, बाबांची मोठी बहीण. "काय गो, बापाशीक बोलूक देत नाय म्हणतत तू? खूळ लागला काय?" मी म्हटलं, मीटिंगमध्ये आहे. शनिवार होता. असो.

स्लाइडचे रंग ठरवले. मरून आणि सोनेरी.

२९ जुलै

देवदत्तला कुणकुण लागली. म्हणाला, "आईचं मनावर घेतलंस ना? सोड ना यार. ती केबलवाल्यालाही घराणं विचारते."

मी म्हटलं, मनावर काहीही नाही, डेटा आहे.

तो म्हणाला, "बरं, मग एकच सांग. तुला माझ्याशी लग्न करायचंय ना? तू 'चालेल' म्हणालीस. चालेल आपण वडापावला म्हणतो."

मी म्हटलं, रिपोर्ट रविवारी येतोय, त्यात सगळं स्पष्ट होईल.

तो "बरं" म्हणाला. समजूतदार आहे.

३ ऑगस्ट, रविवार

प्रेझेंटेशन पूर्णपणे यशस्वी.

तलवार योगा मॅटच्या पिशवीतून नेली. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, "योगा." बाबा वाटभर खिडकीबाहेर पाहत होते. उतरताना एवढंच म्हणाले, "रुचिरा, अजून वेळ आहे." मी म्हटलं, नाही, आपण पाच मिनिटं लेटच आहोत.

त्यांच्या टीव्हीवर, त्यांच्याच वंशावळीच्या खाली, माझ्या चौदा स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर तुटलेल्या फांदीला नवी फांदी फुटते आणि टोकाला माझं नाव येतं. ॲनिमेशन साधं ठेवलं होतं.

शरच्चंद्र आजोबा काठी टेकत उठले. बाबांचे दोन्ही खांदे धरून म्हणाले, "अरे, तू माझा पुतण्या! आमचे वडील, दादा, शेवटच्या आजारपणात दाराकडे बघत होते रे. धोंडू आला का म्हणायचे." बाबा माझ्याकडे बघत होते. आजोबांनी तलवार कपाळाला लावली. उपसून पाहिली, येईना. "गंजली बिचारी," म्हणाले. मी खात्री ९६ केली.

रेवतीकाकूंनी मला जवळ बसवून स्वतःच्या हाताने श्रीखंड वाढलं. म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं, नाक आपल्याकडचं आहे. आपलीच मुलगी!"

तारखेचा विषय निघालाच नाही. आनंदाच्या भरात राहून गेला असेल. देवदत्त मधेच बाल्कनीत जाऊन उभा राहिला. भारावला असावा.

४ ऑगस्ट

सकाळी रेवतीकाकूंचा मेसेज: "शनिवारी राखीला नक्की ये हं. आमच्या देवदत्तला बहीण नव्हती, देवाने घरबसल्या दिली."

हा मेसेज मी तीनदा वाचला. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

मग आत्याचा फोन. तिला बाबांनी सगळं सांगितलं होतं. "अगो शिकलेला माणूस तू! तेंचो धोंडू तो आमचो धोंडू, तर तेंचो झील देवदत्त तुझो भाव झालो! एका कुळात लगीन करतत काय कोण?"

चौदा स्लाइड. एकाही स्लाइडवर हा मुद्दा नव्हता. आमच्या क्षेत्रात याला एज केस म्हणतात, सहसा न येणारी परिस्थिती. पण सोयरीक जुळवताना मुलामुलीचं कूळ एकच निघणं याला एज केस म्हणता येईल का, याबद्दल मी साशंक आहे.

देवदत्तला मेसेज केला: "एक बग आहे. फिक्स करते." त्याने अंगठा पाठवला.

५ ऑगस्ट

पद्धत बदलली. बाबांना विचारलं.

बाबांनी आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "माझे आजोबा दशावतारात होते. गावोगावच्या जत्रेत रात्रभर राजाचं काम करायचे. ती तलवार त्यांनीच शिवणीच्या लाकडाची केली. उपसत नाही, कारण म्यान आणि तलवार एकच ओंडका आहे. लढाईचे सीन ते नुसते मुठीवर हात ठेवून करायचे, आणि लोक घाबरायचे."

मी विचारलं, मग दसऱ्याला तिची पूजा कशाला?

"तिने घर चालवलं. तुझ्या लॅपटॉपला नाही का आपण झेंडू वाहत?"

पणजोबांचे वडील, त्यांचे वडील, सगळे त्याच गावचे. आत्याने फोनवर एका दमात सात नावं सांगितली. पितृपक्षात म्हाळाला दरवर्षी घेतात म्हणे. मी दर पितृपक्षात खीर खायला हजर असते.

"मला आधी का नाही सांगितलं?" असं विचारणार होते. विचारलं नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसातून हाफ डे घेऊन मुलुंडला गेले. देवदत्त घरी नव्हता. फ्रेम भिंतीवरून उतरवलेली. आजोबा तिच्यात आमच्या फांदीसाठी जागा बघत बसले होते.

मी उभ्यानेच सांगितलं. तुमचे धोंडिराम वेगळे, आमचे वेगळे. तलवार लाकडाची. चूक माझी.

रेवतीकाकू म्हणाल्या, "अगं बाई, नाटकातली तलवार? मी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकलाय!" आणि फोन शोधायला आत पळाल्या.

आजोबा काच पुसता पुसता म्हणाले, "देवक जुळत नाही हे मला रविवारीच कळलं होतं. तुझ्या बाबांना त्यांचं देवक विचारलं होतं मी गेल्या वेळीच."

"मग बोलला का नाहीत?"

"दादांना कोणीतरी भेटलं, असं चार दिवस वाटून घेतलं. असू दे."

मी पाण्याचा ग्लास मागितला. पाणी प्यायले. मग आणखी एक मागितला. हवामानामुळे असेल.

निघताना ते म्हणाले, "मुली, तू आमच्या झाडावर चढायला निघाली होतीस. तो पोरगा खाली उभा आहे गं, तुझी वाट बघत. त्याला कोणी काही सांगितलंय का?"

७ ऑगस्ट, गुरुवार

देवदत्त ऑफिसात माझ्या दोन टेबलं पलीकडे बसतो. दिवसभर त्याने कोडमध्ये एकही चूक केली नाही. बोलायला निमित्त मिळालं नाही.

मसुदा. दोनदा तपासला. पाठवते आहे.

देवदत्त,
आपण एका कुळातले नाही. आमच्याकडे कोणी सरदार नव्हता. एक माणूस लाकडी तलवार घेऊन राजा व्हायचा, तो माझा पणजोबा. मला ते आता आवडायला लागलं आहे.
मे महिन्यात मी "चालेल" म्हणाले. ते अपुरं होतं. मला तुझ्याशी लग्न करायचं आहे. खूप दिवसांपासून. तुला ते दिसत असेल असं मी धरून चालले, तपासलं नाही.
तुझं अजूनही तसंच आहे का, ते कृपया उद्या, शुक्रवार ८ ऑगस्टपर्यंत कळव. परवा राखी आहे.
रुचिरा