यादीतलं एकतिसावं घर

१ डिसेंबर, रविवार
आगमनकाल सुरू, म्हणजे नाताळच्या तयारीचे चार आठवडे. चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, घराची रंगरंगोटी दरवर्षी करता, यंदा मनाची करा. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी समेट करूनच नाताळच्या प्रभुभोजनाला या. बोलताना माझ्याकडे बघत होते. कौतुकानेच असणार.
संकल्प तीन. पहाटे पाचला प्रार्थना. पंचवीसपर्यंत गोड बंद. मुलीला क्षमा.
तेजस्वीने नेसरीच्या सम्राटशी परस्पर कोर्टात लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हा मी तिला पुन्हा दारात येऊ नको म्हणालो होतो. आता मोठ्या मनाने ते मागे घेणार.

२ डिसेंबर, सकाळी ७.३०
अलार्म पाचलाच झाला. थंडी फार. प्रार्थना अंथरुणातच सुरू केली. आमेन सव्वासातला.

५ डिसेंबर
क्षमेचं प्लॅनिंग. फोन नको, त्यात वजन नाही. नाताळची गाणी म्हणत ज्या घरांना जायचं त्यांची यादी मीच करतो. तिचं आपटेनगरचं घर मी लग्नाच्या वर्षीच खोडलं होतं. यंदा लिहिणार. अख्खा कॅरोल ग्रुप घेऊन तिच्या दारात उभा राहणार. पोरगी रडेल. मी रडणार नाही. बायकोला, म्हणजे संयोगिताला, सांगितलेलं नाही. सरप्राइज.

९ डिसेंबर
संयोगिता करंज्या तळत होती. एक खाल्ली. शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं. माल न तपासता सोडणं जमत नाही. एकूण चार तपासल्या.

१३ डिसेंबर
तिचं घर यादीत पाचवं लिहिलं. मग वाटलं, एकदम एवढं वर नको, तिला केलेल्या चुकीची किंमत राहणार नाही. एकतिसावं केलं. म्हणजे शेवटचं. तिने फोन केला असता तर पहिलं लिहिलं असतं. पहिल्या वर्षी बरेच आले होते, मी उचलले नाहीत, तो वेगळा विषय.

१९ डिसेंबर
आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. ‘बेटा, झालं गेलं विसरलो.’ आवाज दोनदा घोगरा झाला. सर्दी असावी. तिची फार आठवण आली.

२३ डिसेंबर
संध्याकाळी आपटेनगर. रिक्षातून उतरताच संयोगिताने माझी बाही धरली, इथे कशाला म्हणाली. मी म्हटलं, तू फक्त बघ. गिटार सुरू झाली, आम्ही गायला लागलो. दार एका अनोळखी बाईंनी उघडलं.
‘कुणाकडं आलाय, पावणं?’
आधीचे लोक जूनमध्येच घर सोडून नागपूरला गेले, म्हणाल्या. गाणं सुरू केलेलं, म्हणून पोरांनी पूर्ण केलं. बाईंनी सगळ्यांना भडंग दिलं. मीही खाल्लं. काय करणार.

२४ डिसेंबर
संयोगिताला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. ती फरशी पुसत होती. वर न बघता बोलली.
‘सांगायलाच आलतो की. तुम्ही म्हणालासा, तिचं नाव घरात काढायचं न्हाय. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाडी हलेपर्यंत पोरगी डब्याच्या दारात हुबी हुती. पप्पा येतील म्हणत हुती.’
मग तिने बादलीतलं पाणी बदललं. मला तो दिवस आठवतच नाही. त्या दिवशी मी काय करत होतो, ते खूप आठवून बघितलं.

२५ डिसेंबर, नाताळ
उपासनेला गेलो. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला बाकावरून उठलो नाही. संयोगिता एकटीच पुढे गेली.
दुपारी तिच्याकडून नंबर घेऊन फोन लावला. तेजस्वीने पहिल्या रिंगला उचलला. आवाज तोच. नाताळच्या शुभेच्छा दिल्या, माझं बीपी विचारलं, जेवलात काय विचारलं. रागाचं काही नाही. परक्याशी बोलावं तसं नीट बोलली. मग विचारलं.
‘काय काम हुतं काय, पप्पा?’
मी म्हटलं, काही नाही, सहज केला.
बरं, म्हणाली. ठेवला.
माफ कर म्हणायला केला होता.