खडूने आखलेली जागा

ता. ३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका खोलीत तीन माणसं कशी मावणार, असं तू विचारलंस. अगं, हे सुताराला विचारतेस? पलंग आता भिंतीत उभा दुमडतो. जेवायचं टेबल दाराच्या पाठीला बिजागरीवर आहे. जेवताना पाहुणा आला तर आमचं आटपेपर्यंत बाहेर उभा राहतो. माळ्याच्या शिडीच्या प्रत्येक पायरीत खण केलाय. मीठ तिसऱ्या पायरीत, माझे मोजे चौथ्या. ही म्हणते, एक दिवस घाईगडबडीत मोजेच पातेल्यात पडणार.

बाळ यायला दोन महिने राहिले. पाळण्याला चार फूट बाय दोन जागा लागेल. तेवढी एकच उरली आहे, खिडकीखाली, बाबांच्या शिलाई मशीनच्या पलीकडे. आठवतं ना, बाबा कापड आखायच्या खडूने जमिनीवर प्रत्येकाची झोपायची जागा आखायचे? आपण वाढलो की नव्या रेघा. कोणाला अडचण झाली तर त्याने ‘सरक’ म्हणायचं, आणि शेजारच्याने कुरकुर न करता सरकायचं, हा त्यांचा कायदा. खिडकीखालचा चौकोन तेवढा कायम रिकामा. मला वाटायचं, गिऱ्हाइकांसाठी राखलाय.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. तिथली फरशी कोमट लागते. नुकतंच कोणीतरी झोपून उठावं तशी. आणि ही त्या जागेला वळसा घालून चालते. बाबा जाऊन वर्ष झालं, रेघा कधीच्या पुसल्या, मी तिला त्या रेघांबद्दल अवाक्षर बोललेलो नाही. विचारलं, तर आपण वळसा घालतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

तुझी माया माळ्यावर न टाकता हाताशी ठेव.

तुझा,
तिसऱ्या

ता. ११ जून

चि. तिसऱ्यास,
अ. उ. आ.

तुझी शिडी वाचून इथे सगळ्या बायका हसल्या. छापखान्याच्या बांधणीखात्यात सध्या मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर पानं शिवायची आणि पुठ्ठे चिकटवायचे. तरी हे पत्र लगेच लिहितेय.

कोमट फरशीचं मनावर घेऊ नकोस. खिडकीतून ऊन येत असेल. पाळणा छताला टांग, नाहीतर मशीन विकून टाक. त्या चौकोनात मात्र ठेवू नकोस. कारण विचारू नकोस, मोठ्या बहिणीचं एवढं ऐक. बायकोला शिडी चढू देऊ नकोस, आणि पत्राला उत्तर दे.

तुझ्यावर नेहमीच जीव असलेली,
ताई

ता. १९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, हे तू विसरलीस. ऊन कधीच येत नाही. छत पत्र्याचं, ते पाळणा पेलणार नाही. मशीन काढलं तरी तिथे जेमतेम दीड फूट जागा होते. चौकोनातल्या फरशीखाली नुसती माती आहे. मी एक फरशी उचलून पाहिली. माती गार, फरशी गरम.

सोमवारी मी लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं तिथे ठेवून विसरलो. सरस कसा असतो, तुला तुझ्या कामामुळे माहीत आहे. चुलीवरून उतरवला की बघता बघता गोठतो. संध्याकाळी पाहिलं तर तो पाण्यासारखा पातळ होता. हिने ते पाहिलं आणि कपडे भरायला घेतले. म्हणाली की बाळाला त्या जागी ती ठेवणार नाही, आणि दुसरी जागा नसेल तर माहेरून परत येणार नाही. तिचं काय चुकलं? मलाच तिथे पाय टाकवत नाही. पण दुसरं घर मी कुठून आणू? माझं लेकरू माझ्याच घरात मावणार नाही का?

बाबा गेले तेव्हा तू उंबऱ्यावरून परत फिरलीस. त्याआधीही पंधरा वर्षं आत आली नव्हतीस. तुला काहीतरी ठाऊक आहे. आता आडपडदा नको, हात जोडतो.

तुझा,
तिसऱ्या

ता. २५ जून

चि. तिसऱ्यास,
अ. उ. आ.

तू नेहमी विचारायचास की आपण दोघंच, मग तू तिसऱ्या कसा. बाबा सांगायचे, पहिली ताई, दुसरं मशीन, तिसरा तू. तू हसायचास आणि बाबा मशीनकडे तोंड फिरवायचे.

दुसरी मधली होती. चार वर्षांची. तू दीड वर्षाचा होतास, मी नऊ. तो चौकोन तिचा. तिला ताप भरला होता. एका दुपारी ती ऊब शोधत माझ्या रेघेत आली, मला चिकटली. तिचं अंग इतकं भाजत होतं की मी वैतागले आणि तिला सरक म्हणाले. ती लगेच सरकली रे. कायदाच होता. आपल्या चौकोनात भिंतीला चिकटून अंग चोरून पडली. आई चहाच्या वेळी उठवायला गेली तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

मला कोणी बोल लावला नाही. बाबांनी पुढे सगळ्यांच्या रेघा बदलल्या, तिची तेवढी दर रविवारी होती तशीच गिरवत राहिले. मी तो शब्द त्यानंतर कोणालाही म्हटलेला नाही. बसमध्येसुद्धा उभी राहते.

तुझ्या बायकोला म्हणावं, चार दिवस थांब. गुरुवारी दुपारी मी येते. या वेळी उंबरा ओलांडेन.

तुझी अपराधी,
ताई

ता. २० ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत आणि घरीच आहेत. नाक तुझं आहे. बिचारी!

त्या गुरुवारचं मी तुला बोललो नव्हतो, आता लिहितो. तू चप्पल काढून सरळ खिडकीखाली गेलीस आणि चौकोनाच्या कडेला, उघड्या जमिनीवर कुशीवर आडवी झालीस. तू नीट ऐसपैस झोप, आता मी सरकते, असं मधलीला म्हणालीस आणि खरंच मशीनच्या पायाला पाठ टेकेपर्यंत सरकलीस. तासभर हललीही नाहीस. ही दारात भरलेली पिशवी घेऊन उभी होती. तिने ती कधी खाली ठेवली, मला कळलंसुद्धा नाही.

पाळणा तिथेच ठेवलाय. मापापेक्षा वीतभर अरुंद केला. भिंतीकडची ती वीत मधलीची, तिथे काही ठेवायचं नाही, असं हिनेच ठरवलं. बाबांचा खडू शोधून रेघही तिनेच ओढली.

काल पाळण्याची एक पट्टी चिकटवायची होती. सरस मुद्दाम त्या वितीत ठेवला आणि समोर बसून राहिलो. दहा मिनिटांत घट्ट गोठला. फरशीला हात लावला, तीही गार.

ताप उतरलाय, ताई. आता ये, तुझीही जागा आखून ठेवली आहे.

तुझा,
तिसऱ्या